कॉकटीलला खेळ शिकवण्याचा संच : काठी ठेवली, पुस्तिका रद्दीत घातली

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात, मुलीच्या हट्टाखातर, पाळीव पक्ष्यांना खेळ शिकवण्याचा एक संच मी ऑनलाइन मागवला. किंमत १,४५० रुपये होती आणि बेळगावात, वडगावच्या आमच्या दारापर्यंत पोहोचायला त्याला आठ दिवस लागले. आज त्या गोष्टीला आठ महिने होत आले. अशा वस्तूंबद्दलचे बहुतेक अभिप्राय पार्सल उघडल्याच्या दिवशीच लिहिलेले असतात आणि त्यांतून डबा किती सुंदर आहे एवढेच कळते. म्हणून मुद्दाम इतके दिवस थांबून, प्रत्येक वस्तू पक्ष्यापुढे ठेवून, काही मोडून, काही दुरुस्त करून मगच हे लिहीत आहे.

ज्याच्यासाठी संच घेतला तो चंदू, म्हणजे राखाडी अंगाचा, पिवळ्या तोंडाचा आणि गालावर नारिंगी टिकली असलेला नर कॉकटील. वय पावणेदोन वर्षे, वजन ९२ ग्रॅम. पोपटाच्या कुळातला हा छोटा, तुरेवाला पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा असून नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो, त्यामुळे त्याला काय शिकवायचे आणि कसे, हा प्रश्न एका सुट्टीपुरता नसतो. घरी येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न "बोलतो काय ओ?" हाच असतो आणि नाही म्हटले की पाहुण्यांचा उत्साह मावळतो. चंदू बोलत नाही. कुकरच्या शिट्टीला मात्र न चुकता शिट्टीनेच उत्तर देतो.

डब्यात एक क्लिकर (दाबला की कट्‌ असा आवाज करणारी छोटी डबी), लांब-आखूड करता येणारी आणि टोकाला लाल मणी असलेली स्टीलची काठी, बसायला इंग्रजी टी अक्षरासारखा एक स्टँड, तीन खुंट्यांची पाटी व तिच्यात घालायच्या चार रंगीत रिंगा, छोटी बास्केटबॉलची जाळी, खाऊचे पाकीट आणि चोवीस पानांची पुस्तिका एवढ्या वस्तू होत्या. पुस्तिका इंग्रजीत आणि बऱ्याच अडखळणाऱ्या हिंदीत आहे. मराठी किंवा कन्नड असेल अशी अपेक्षा मी ठेवलीच नव्हती.

या सगळ्यांत खरी कामाची वस्तू म्हणजे ती काठी. तिचा उपयोग मारण्यासाठी तर नाहीच, धाक दाखवण्यासाठीही नाही. तिच्या टोकाच्या मण्याला पक्ष्याने आपणहून चोच लावायची आणि लावली की त्याला आवडता दाणा मिळायचा, एवढाच पहिला धडा असतो. एकदा तो पक्का झाला की मणी जिकडे जाईल तिकडे पक्षी जातो, आणि मग त्याला न पकडता, न ढकलता पिंजऱ्याबाहेर आणणे, हातावर घेणे, गोल फिरवणे, तराजूवर उभे करणे हे सारे त्या एका सवयीतून घडवता येते. चंदूने पहिल्या दिवशी काठी पाहताच तुरा मागे चिकटवला आणि सापासारखा फुत्कार सोडला. कॉकटीलचा तुरा हा त्याच्या मनाचा उघडा कागद आहे: डोक्याला चिकटला तर भीती किंवा राग, ताठ उभा राहिला तर दचकणे किंवा कुतूहल, आणि अर्धवट मागे झुकलेला असला तर तो निवांत आहे असे समजावे. आम्ही काठी पिंजऱ्यापासून चार फूट लांब, जिथे तुरा सैल राहील अशा अंतरावर धरली आणि तिच्याकडे नुसते पाहिले तरी दाणा दिला. रोज वीतभर जवळ येत येत चौथ्या दिवशी संध्याकाळी मणी पिंजऱ्याच्या तारांपाशी पोहोचला, आणि चंदूने मान लांब करून त्याला हळूच, जणू गरम आहे की काय हे पाहत, चोच लावली. ज्या कोणी ही काठी बनवली त्याने मण्याचा आकार आणि रंग विचारपूर्वक ठेवला आहे. मणी दांडीला घट्ट बसवलेला असून आठ महिने चावून घेऊनही निघालेला नाही.

क्लिकरबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमचे दीड महिना त्यानेच खाल्ले. पक्ष्याने हवे ते केले त्याच क्षणी एक ठरावीक आवाज करायचा आणि लगेच खाऊ द्यायचा, हे त्याचे काम. खाऊ हातातून चोचीपर्यंत जायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात पक्षी मान वळवतो, पंख झटकतो, दांडी कुरतडतो, आणि मग बक्षीस नेमके कशाचे हे त्याला उमगत नाही. आवाज हा त्या क्षणावर मारलेला शिक्का असतो. त्यासाठी आधी काही दिवस नुसता आवाज आणि पाठोपाठ दाणा अशी सांगड घालावी लागते, तीही आम्ही नेटाने घातली. तरीही गंमत अशी होई की काही दिवस चंदू आवाज होताच खाऊच्या वाटीकडे वळे आणि काही दिवस क्लिकर कानाशी वाजवला तरी ढिम्म बसून राही. मुलीने वहीत रोजची नोंद ठेवली होती, पण त्या नोंदींतून आम्हा दोघींना काहीच अर्थ लागेना.

अर्थ लावला तो सासूबाईंनी. आमच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिरांचे चार यंत्रमाग आहेत. वडगाव, शहापूर, खासबाग या भागात ही काही नवलाची गोष्ट नव्हे. साडी विणण्याचा धंदा इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि मागाचा खडखडाट आमच्या कानांना ऐकूही येत नाही. सासूबाई एके दिवशी तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मागाच्या धोट्याचा आवाज अन् तुमची ती टिकटिकी, दोन्ही एकच की गं." वही पुन्हा उघडून पाहिली तेव्हा दिसले की चंदूने चांगले शिकल्याचे दिवस म्हणजे वीज गेल्याचे, नाहीतर माग बंद असल्याचे दिवस होते. बाकीच्या दिवशी त्या बिचाऱ्याला सकाळपासून रात्रीपर्यंत मिनिटागणिक शेकडो 'शिक्के' ऐकू येत होते आणि दाणा एकाचाही मिळत नव्हता. ज्या आवाजामागून खाऊ येत नाही त्याकडे पक्षी दुर्लक्ष करायला शिकतो. त्याने तेच केले होते.

दोष सगळाच क्लिकरचा नव्हे, हे मान्य. पण हा आवाज घरातल्या इतर कोणत्याही आवाजासारखा नसावा, एवढे एक वाक्य पुस्तिकेत असते तर आमचा पावसाळा वाया गेला नसता. शिवाय या क्लिकरचा कट्‌ आवाज लहान पक्ष्यासाठी जरुरीपेक्षा मोठा आहे. बंद खोलीत चंदू पहिल्या काही वेळा दचकून उडाला होता. आवाज कमी करायला तो रुमालात गुंडाळून किंवा खिशात ठेवून वाजवता येतो. आम्ही तो बाजूला ठेवला आणि त्याऐवजी एक छोटा शब्द घेतला. मुलीच्या शाळेतल्या कन्नडच्या बाई उत्तर बरोबर आले की "सरी" म्हणतात, तोच तिने निवडला. शब्द आखूड हवा, नेहमी एकाच सुरात म्हटला जायला हवा आणि घरात इतर वेळी फारसा वापरला जाता कामा नये. आमच्या मराठी घरात हा कन्नड शब्द या तिन्ही अटींना उतरला. आता चंदूला आज्ञा मराठीत आणि शाबासकी कन्नडमध्ये मिळते, जे बेळगावच्या पक्ष्याला शोभण्यासारखेच आहे.

खाऊचे पाकीट ही या संचातली सर्वांत निराशाजनक वस्तू. आत 'मिलेट' म्हणून जे दिले आहे ते साधे राळे आणि त्यात निम्मे सूर्यफुलाचे बी. सूर्यफुलात चरबी फार, त्यामुळे ते बक्षीस म्हणून एखादा दाणा ठीक, पण मूठभर द्यायची वस्तू नव्हे. आमच्याकडचा पाऊस जूनच्या मध्यापासून जो धरतो तो सोडत नाही, आणि पाकिटाला पुन्हा बंद करण्याची पट्टी नसल्याने पंधरा दिवसांत आतून कुबट वास येऊ लागला. बुरशीचा दाणा पक्ष्यांच्या फुप्फुसांना घातक असतो, म्हणून पाकीट तसेच कचऱ्यात गेले. त्यानंतर रविवार पेठेतून स्वच्छ राळे आणले, आणि सौंदत्तीकडच्या ओळखीच्या एका शेतकरी घरातून राळ्याची अखंड कणसे मिळाली. त्यांच्याकडे त्याला नवणी म्हणतात. परदेशी नाव लावून चार-पाच कणसे शंभर-दीडशे रुपयांना विकली जातात, तीच ही वस्तू. एक कणीस आम्हाला दोन आठवडे पुरते, कारण बक्षीस म्हणजे जेवण नव्हे: एका वेळी दोन-तीन दाणे, चोचीत घालून लगेच संपतील इतकेच. मोठा तुकडा दिला तर पक्षी तो खात बसतो आणि धडा तिथेच राहतो. आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. कणीस एरवी वाटीत अजिबात ठेवायचे नाही. जे दिवसभर फुकट मिळते त्यासाठी कोणीही कष्ट करत नाही, मग तो पक्षी असो की आमच्या घरातला सहावीतला विद्यार्थी.

आता पुस्तिकेविषयी. पहिल्या दहा पानांत रीत बरोबर सांगितली आहे: लहान पायऱ्या करा, पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेऊ नका, यश आलेल्या ठिकाणी थांबा. ही रीत काही आजची नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कबुतरांना पडद्यावरच्या लक्ष्यावर चोच मारायला याच पद्धतीने शिकवले होते; त्या कबुतरांनी क्षेपणास्त्राला दिशा द्यावी अशी ती योजना होती आणि ती युद्धात कधी वापरली गेली नाही. पण अकराव्या पानावर पुस्तिका एकदम वाट सोडते. धड्याआधी पक्ष्याला बारा तास उपाशी ठेवा, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. नव्वद ग्रॅमच्या जिवाला बारा तास उपाशी ठेवणे हा सल्ला नव्हे, ते क्रौर्य आहे. त्याच्या अंगात साठा असतो तो केवढा. सकाळचे खाणे घालण्याच्या जरा आधी धडा घेतला की पक्ष्याला पुरेशी भूक असते, त्यासाठी उपासमारीची गरज पडत नाही. त्याच पानाखाली, पक्षी चावला तर तोंडावर पाण्याचा फवारा मारा, असेही सुचवले आहे. संचाच्या डब्यावर 'फक्त बक्षिसातून शिक्षण' असे छापायचे आणि आत फवारा मारायला सांगायचे, हा प्रकार मला अप्रामाणिक वाटतो. फवाऱ्याने चावणे थांबेलही कदाचित, पण पक्षी हाताला आणि पाण्याला, दोन्हींना भिऊ लागतो. चंदू चावतो तेव्हा त्याने आधी तुरा पाडून, मान आत ओढून दोनदा सांगितलेले असते आणि आपण ते वाचलेले नसते. अशा वेळी हात शांतपणे बाजूला घ्यावा आणि पुढच्या वेळी एक पायरी मागून सुरुवात करावी. विक्रेत्याला मी याबद्दल कळवले. उत्तरादाखल सवलतीचे कूपन आले.

पुस्तिकेत नसलेली आणि माझ्या मते सर्वांत आधी शिकवण्यासारखी कसरत म्हणजे तराजूवर उभे राहणे. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा तराजू घ्यावा, त्यावर काठीचा मणी धरावा, पक्षी चढला की "सरी" आणि दाणा. चंदू हे दोन दिवसांत शिकला. पक्षी आजार लपवतात. पिसे फुगवून बसेपर्यंत दुखणे बरेच पुढे गेलेले असते. वजन दहा टक्क्यांनी उतरले, म्हणजे चंदूच्या बाबतीत नऊ ग्रॅमने, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. ऑगस्टमध्ये त्याचे वजन ८७ पर्यंत आले, तेव्हा खाऊच्या नादात तो रोजचे खाणे टाकत आहे हे आमच्या लक्षात आले आणि धडे आठवडाभर बंद ठेवले.

स्टँड मजबूत आहे, पण त्याची दांडी एकसारख्या जाडीची आणि गुळगुळीत आहे. त्यावर रोज बसून पक्ष्याच्या तळपायावर एकाच जागी दाब पडतो आणि फोड येऊ शकतात. ती दांडी काढून आम्ही परसातल्या पेरूची, दीड ते दोन सेंटीमीटर जाडीची, साल न काढलेली फांदी बसवली. खाचेत नेमकी बसली. हा गुण कारागिराचा की योगायोग, हे सांगता येणार नाही. बास्केटबॉलच्या जाळीविषयी लिहिण्यासारखे काही नाही. चेंडू कॉकटीलच्या चोचीत मावत नाही आणि त्यातल्या घुंगराच्या फटीत पक्ष्याचे नख अडकू शकते, म्हणून पहिल्याच दिवशी ती काढून ठेवली. सध्या तिच्यावर घराच्या किल्ल्या टांगल्या आहेत.

डब्यावरच्या चित्राबद्दल एक तक्रार आवर्जून नोंदवते. त्यावर गळ्याला गुलाबी पट्टा असलेला आपला हिरवा पोपट हातावर बसून रिंग उचलताना दाखवला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली हा पोपट पाळणे, विकणे, विकत घेणे हे गुन्हे आहेत, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या डब्यावर त्याचेच चित्र छापणे म्हणजे लोकांना चुकीची वाट दाखवणे होय. लहानपणी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत पोपटवाल्या ज्योतिषाजवळ मी कितीतरी वेळ उभी राहिले आहे. पोपट पिंजऱ्यातून बाहेर यायचा, चिठ्ठ्यांच्या ओळीतून एक चिठ्ठी ओढून मालकाच्या हाती द्यायचा, आणि मालक चिठ्ठी उघडण्याआधी त्याला भाताचा एक दाणा द्यायचा. आज काठी हातात घेताना कळते की रीत अगदी हीच होती, बक्षीस वेळेवर होते, धडाही पक्का होता. त्या पोपटाचे पंख मात्र छाटलेले असत, आणि त्याला 'नाही' म्हणायची सोय नव्हती. चंदूला ती आहे. त्याला नको असले की तो उडून कपाटावर जाऊन बसतो आणि धडा संपतो.

रिंगांचा खेळ अवघड आहे आणि त्यासाठी हा संच घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की तो सुरुवात म्हणून शिकवायचा नसतो. पुस्तिका आधी उचलणे शिकवा म्हणते. आम्ही उलटे केले. कॉकटीलला काहीही चोचीत घेऊन टाकून द्यायची सवय असतेच, तेव्हा पहिल्यांदा त्याच्या चोचीखाली स्टीलची वाटी धरली. रिंग घेतली, चघळली, कंटाळून सोडली, वाटीत टण्‌ आवाज झाला, "सरी", दाणा. पंधरा-वीस वेळा असे झाल्यावर एके सकाळी चंदूने रिंग चोचीत धरली, वाटीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि मान पुढे करून ती मुद्दाम सोडली. आवाज ऐकून स्वतःच तुरा उभारला. त्यानंतर वाटी रोज दोन बोटे लांब सरकवत नेली, आणि तीन आठवड्यांनी वाटीच्या जागी खुंटी आली. खुंट्या कॉकटीलसाठी थोड्या उंच आहेत. त्या करवतीने बोटभर कापून, घासून घेतल्यावर जमू लागले. हिरव्या रिंगेचा रंग चोचीने खरवडला जात होता, म्हणून ती टाकून दिली. उरलेल्या तिन्हींचा रंग प्लास्टिकमध्येच मिसळलेला असावा, कारण त्यांवर ओरखडा पडला तरी आत तोच रंग दिसतो.

काठी, स्टँड आणि रिंगा मिळून बाजारात सुट्या घेतल्या तर सहाशे-सातशे रुपयांत येतील असा माझा अंदाज आहे. म्हणून पाचपैकी अडीच तारे देते, त्यातले दोन एकट्या काठीचे. ज्यांना ऑनलाइन मागवायचेच नसेल त्यांनी जेवणाच्या काठीला, चायनीजच्या गाड्यावर मिळते तिला, एका टोकाला न सुटणारा लाकडी मणी ओवून पाहावा. सुरुवातीला तेवढे पुरते. सध्या चंदू दोन रिंगा खुंटीवर घालतो आणि तिसरीपाशी येऊन थांबतो. तिसरी गेल्या सोमवारी मागांच्या शेडमध्ये गेली ती सापडलेली नाही, आणि कंपनी सुटी रिंग विकत नाही.